कानांचं स्टूल

आमच्या दवाखान्यात प्लास्टरची पांढरी धूळ असायची. मी रोज झाडायचे, रोज पुसायचे, तरी ती खिडकीच्या गजांत, फळीच्या मागे, माझ्या अंबाड्यात सापडायचीच. घरी गेले की शेजारीण म्हणायची, "सगुणाबाई, आज लवकर म्हाताऱ्या झालात!" किश्श्यांचं असंच असतं. मुद्दाम मी एकही गोळा केला नाही. दवाखाना बंद होऊन जमाना झाला, डॉक्टर गेले, मी खरोखरच म्हातारी झाले, आणि आता चार माणसांत बसले की अंगावरून झडतात ते हेच!

तर ऐका. नगरला कापड बाजाराच्या मागच्या बोळात शांतवन डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता. लढाईचे दिवस. डॉक्टर कलकत्त्याला शिकून आलेले, आणि मी राहुरीकडून नवरा मेल्यावर पोट भरायला आलेली. झाडायला आणि पाणी उकळायला ठेवलं होतं मला. वाचायला मी प्लास्टरच्या डब्यावरची अक्षरं बघून शिकले. साचे ओतायला डॉक्टरांच्या हाताकडे बघून शिकले. कोणी शिकवलं नाही, आणि शिकवायला आलं असतं तर मी ऐकलं नसतं! पुढे डॉक्टर स्वतःच म्हणायला लागले, "सगुणाबाई, हा साचा तुम्हीच काढा." आता इथे मी जरा विनयाने बोलावं अशी अपेक्षा असेल, तर विनय दुसरीकडे बघा. माझ्याकडचा संपला.

झोपेत दात खाणाऱ्या माणसांसाठी डॉक्टर एक वस्तू बनवायचे. घोड्याच्या नालेसारखी वाकलेली रबराची पट्टी. रात्री वरच्या दातांवर बसवायची, सकाळी काढून पाण्यात ठेवायची. दातावर दात घासायच्या ऐवजी रबरावर घासतो. दात वाचतात, आणि घरच्यांची झोपही वाचते. डॉक्टर तिला 'नाइट गार्ड' म्हणायचे. खेड्यातून आलेल्या पहिल्याच माणसाने ती हातात घेऊन उलटी-सुलटी केली आणि म्हणाला, "ह्ये तर मुसकं हाय!" मळणीच्या वेळी बैलाने धान्यात तोंड घालू नये म्हणून बांधतात, ते. झालं, डॉक्टरांचं इंग्रजी नाव त्या दिवशी मेलं.

डॉक्टरांची एक पद्धत होती. दात खाणारा माणूस एकटा आला तर ते त्याला परत पाठवायचे. "शेजारी कोण झोपतं? त्याला घेऊन या." कारण दात खाणाऱ्याला स्वतःचा आवाज कधीच ऐकू येत नाही. म्हणून खोलीत दोन स्टुलं होती. एक दातांचं, एक कानांचं. दातांच्या स्टुलावर बसणारा म्हणायचा, "मी नाही हो खात!" आणि कानांच्या स्टुलावरून उत्तर यायचं, "गप बसा तुम्ही!"

याच दोन स्टुलांवर एका पोरीचं घर राहणार की जाणार, ते ठरायचं होतं. ती मध्ये येईल. तिच्याकडे लक्ष ठेवा. आमचं ठेवायचं राहून गेलं होतं.

*

सोनईच्या बाजूला मिशनच्या शाळेत एक मास्तर होते. त्यांना त्यांच्या बायकोने जवळजवळ ओढतच आणलं. मास्तर कोर्टात उभे असल्यासारखे बोलायचे.

"पुरावा काय?" मास्तर म्हणाले.

"पुरावा मी!" बायको म्हणाली. "माझ्या डोळ्यांखाली बघा जरा."

"ही स्वप्नात ऐकते."

"स्वप्न पडायला झोप लागावी लागते!"

डॉक्टरांनी मास्तरांच्या हातात आरसा दिला. सुळ्यांची टोकं साफ झिजलेली. मास्तरांनी बराच वेळ आरशात बघितलं आणि म्हणाले, "हा आरसा बरोबर नाही."

मुसकं करून दिलं. आठवड्याने मास्तरीणबाई एकट्याच आल्या. डोळे आधीपेक्षा जास्त सुजलेले!

डॉक्टर घाबरले. "आवाज थांबला नाही का?"

"थांबला ना! तोच तर घोटाळा. आवाज बंद झाला की वाटतं, गेले की काय! मग उठायचं, नाकाशी बोट धरायचं, श्वास आहे का बघायचा, मग परत आडवं व्हायचं. सगळी रात्र त्यातच जाते."

"मग आता काय करू या?"

"काही नाही. होईल सवय. तुम्ही फक्त मास्तरांना सांगू नका. नाहीतर उद्यापासून म्हणतील, बघ, माझ्याशिवाय तुला झोप येत नाही!"

*

देवळाली प्रवऱ्याचा एक शेतकरी मुसकं घेऊन गेला. ऊसवाला, अंगाने दांडगा, बोलायला कमी. काही दिवसांनी तेच मुसकं मुठीत धरून दुसराच माणूस आला.

"ह्ये आखूड पडतंय," तो म्हणाला.

"कोणाला?"

"मला."

"पण हे तर त्या थोरल्यांचं..."

"व्हय, थोरला भाऊ माझा. आमी पाळीनं घालतो की. आठवडा त्येचा, आठवडा माझा. विहिरीचं पानी घेतो तसंच."

डॉक्टर खुर्चीत बसले. मीच म्हटलं, "अहो, दुसऱ्याच्या तोंडातलं?"

"धुऊन घेतो, बाई! आमी काय जनावरं हाय?"

डॉक्टरांनी त्याला समजावलं. प्रत्येकाच्या तोंडाचा साचा वेगळा, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. लढाईमुळे रबराची मारामार होती, तरी त्याच्यासाठी वेगळं शिजवलं. शिजवलंच म्हणायचं, कारण साच्यात रबर भरून, लोखंडी भांड्यात कोंडून, स्टोव्हवर ठेवायचं आणि पुरणाची डाळ बरी म्हणायची पाळी येईपर्यंत राखण करत बसायचं. न्यायला दोघे भाऊ बरोबर आले. धाकट्याने तोंडात घालून बघितलं. चपखल बसलं. मग काढून तळहातावर घेऊन बसला. खूश दिसेना.

"काय झालं? टोचतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई. बसलंय ब्येस." तो थोरल्याकडे न बघता बोलत होता. "शेत वाटलं. बैलं वाटली. चुली वेगळ्या झाल्या. विहीर तेवढी एकत्र हाय, तर तिच्यावरनं रोज भांडनं. ह्ये एक मुसकं तेवढं कुरकुर न करता पाळीनं चाललं हुतं, डॉक्टर. तेबी तुमी वाटून दिलं!"

जाताना मात्र थोरल्याने दोघांची मुसकी एकाच रुमालात बांधली.

*

मुसकं देताना डॉक्टर बजावून सांगायचे, "दिवसा हे घरातल्या सगळ्यात स्वच्छ जागी ठेवायचं." एक विधवा ब्राह्मण बाई होत्या, सोवळ्याच्या. महिन्याने दाखवायला आल्या तर मुसकं पिवळंधमक! हळदीची पुटं बसलेली, मध्ये कुंकवाचं बोट.

डॉक्टर म्हणाले, "अहो, हे ठेवलं कुठे होतं?"

"देवघरात."

"देवघरात?"

"तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यात स्वच्छ जागी! देवघरापेक्षा स्वच्छ जागा माझ्या घरात असती, तर देवांना मी तिथेच नेलं नसतं का?"

डॉक्टर ख्रिस्ती, त्यातून गोंधळलेले. ते म्हणाले, "बरोबर आहे." मी ती हळद घासून काढली. अर्धी निघाली. अर्धी राहू दिली.

*

आता ती पोर.

सोनईच्या पलीकडे वस्तीवर राहणारं कुटुंब. मास्तरांनीच त्यांना आमच्याकडे धाडलं. सर्व्हिस मोटारीने आले. पुढे सासरा, पागोटंवाला, त्याला सगळे आबा म्हणत. मागे सासू, नवऱ्यासमोर तोंडावर पदर धरलेली. त्यामागे सून हौसा, कडेवर वर्षाचं पोर.

आबा कानांच्या स्टुलावर बसले. हौसाला दातांच्या स्टुलावर बसवलं. सासू दाराशी उभी.

"माझा ल्योक मिलिटरीत हाय," आबा म्हणाले. "लढाईवर गेलाय. कुठल्या मुलकात, ते कुनी सांगत न्हाई. लई दिस झालं, त्याचा कागदबी यीना. तो गेला आन् घरात दात खायचा आवाज सुरू झाला. मी वसरीला निजतो. ह्या दोघी आत माजघरात. करकर करकर, जात्यात खडा सापडल्यावानी!"

"दोघींतल्या कोणाचा आवाज?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोनाचा म्हंजी? बायकोबरुबर माझा जलम गेला, कदी आवाज ऐकला न्हाई. हीच नवी."

हौसा खाली बघत होती.

"ल्योक लढाईवर, आन् सून घरात दात खाती," आबा म्हणाले. "लोक म्हनत्यात, घरातल्या बाईनं दात खाल्लं तर बाहेर गेलेल्या मानसाला..." पुढचं त्यांना बोलवेना. पागोटं काढून मांडीवर घेतलं. "दिवाळीपतूर आवाज थांबला तर ठीक. न्हाईतर हिला बापाच्या दारात नेऊन घालतो. पोरगं आमच्यापाशी ऱ्हाईल."

हे ऐकताच हौसाने पोराला असं आवळलं की ते रडायलाच लागलं. पण ती एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरांनी तिचं तोंड उघडायला लावलं. आत बघितलं. मग मला म्हणाले, "सगुणाबाई, दिवा जरा जवळ धरा." मी धरला, आणि मीही बघितलं. नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारख्या दाढा! कंगोरे जसेच्या तसे. सुळ्यांची टोकं शाबूत. या पोरीने झोपेत कधी दातावर दात घासला असेल तर मी नाव बदलून ठेवीन!

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. ते म्हणाले, "मेणाचा ठसा घ्या. आठवड्याने या म्हणावं."

ठसा घेतला. मग दोघी बायकांना चहा द्यायला मी मागच्या अंगणात नेलं. तिथे नवरा नाही, म्हणून म्हातारीने पदर खाली केला. मी मुलाचं विचारलं. तेवढंच पुरलं.

"त्याला बाजरीची भाकर लागती, बाई," म्हातारी म्हणाली. "तिकडं काय देत असत्याल? गार तर न्हाई ना देत? लहान हुता तवा गार भाकरीला त्वांड लावायचा न्हाई."

ती बोलत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. समोरचे दात एका रेषेत सपाट. दाढा ताटलीसारख्या. आणि बोलता बोलता तिचा हात सारखा गालावर जात होता, कानाच्या खाली.

"जबडा दुखतो का हो?" मी विचारलं.

"सकाळी लई दुखतो. वय झालं आता."

हौसा शेजारी बसून पोराचं नाक पुसत होती. त्या नाकात काही नव्हतं!

*

ते लोक गेल्यावर मी ट्रे धूत होते. डॉक्टर म्हणाले, "तुमची खात्री आहे? म्हातारीच?"

"आहे. तसे दात मी रोज बघते."

"रोज? कुठे?"

मी तोंड उघडून दाखवलं.

डॉक्टरांनी दिवा जवळ आणून बघितलं. मग हळूच म्हणाले, "कधीपासून?"

"मला काय माहीत? नवरा गेल्यापासून मी एकटी निजते. माझ्या कानांच्या स्टुलावर बसणार कोण?"

मी हे रडवेल्या तोंडाने म्हटलं असं कोणाला वाटत असेल तर चूक आहे. मी ट्रे घासत म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी कामाला आले तर मेण गरम करून ठेवलेलं, आणि डॉक्टर दातांच्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "बसा."

माझं मुसकं मीच शिजवलं. अंगावरची लुगडी लोकांची उतरलेली, पायातल्या चपला कुणाच्या तरी सुनेच्या. माझ्या मापाने, फक्त माझ्यासाठी बनलेली आयुष्यातली ती पहिली वस्तू. ती दुसऱ्या कोणाला बसलीच नसती!

*

सोनईवाले यायच्या आधी आमच्या दोघांचं चांगलंच वाजलं.

डॉक्टर म्हणाले, "आबांना खरं ते सांगून टाकू."

"सांगा!" मी म्हटलं. "म्हणजे हौसाच्या जागी म्हातारी. लोकांना बाई कुठलीही चालते. पोरगा लढाईवर, आणि आईच त्याला बाधते म्हणून गावभर होईल. तिला कळलं तर ती विहिरीत उडी टाकेल!"

"पण मी खोटं बोलणार नाही, सगुणाबाई."

"तुम्हाला कोण सांगतंय? तुम्ही हात धुवायला जा."

तिघं आले. तीच बसायची जागा, तोच पदर. डॉक्टर उठले, म्हणाले, "मी जरा हात धुऊन येतो," आणि मागे गेले. माणसाने किती हात धुवावेत? रांजण रिकामा झाला त्या दिवशी!

मी आबांसमोर उभी राहिले. "आबा, हा आवाज शेजारी शेजारी निजणाऱ्या बायकांत एकीचा दुसरीला लागतो. नुसत्या सुनेला मुसकं घालून भागणार नाही. दोघींना घालावं लागेल. रोज."

"दोघींना?" आबांनी विचार केला. "मंग मलाबी?"

"तुम्ही ओसरीवर. मध्ये भिंत आहे."

"व्हय, भित हाय खरी."

पण म्हातारी बिथरली. पदराआडून म्हणाली, "मला मुसकं? मी काय बैल हाय? खोड हिची, आन् बांधायचं मला?"

तेव्हा हौसा पहिल्यांदा बोलली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई, मी घालते की. तुमी एकल्या न्हाई. दोघीबी घालू."

मला वाटलं, बिचारी सुटली म्हणून गोड बोलतेय.

म्हातारीचा ठसा घेणं हा वेगळाच तमाशा. नवऱ्यासमोर ती तोंड उघडेना! शेवटी मी आबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. ठसा निघेपर्यंत ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करत बसले. वाचता येत नव्हतं त्यांना.

दोन्ही मुसकी तयार झाल्यावर आबा एकटेच येऊन घेऊन गेले. अदलाबदल होऊ नये म्हणून हौसाच्या मुसक्यावर मी सुईने एक रेघ ओढली होती.

दिवाळी आली आणि गेली. सोनईकडचं कोणी दिसलं की मी विचारायचे. कोणाला काही माहीत नसायचं. मी देवाला फारसं काही मागत नाही, मागितलं की मिंधं व्हावं लागतं. पण त्या दिवाळीत मागितलं. शेवटी मास्तर आले, मुसकं दाखवायला. सहज म्हणाले, "त्या वस्तीवरचा आवाज थांबला म्हणे. सून घरातच आहे."

मी मास्तरांना साखर घालून चहा दिला. साखर तेव्हा रेशनवर होती!

*

एक कचेरीतले कारकून होते, त्यांचं सांगते आणि मग संपवते. हे बाबा एकटेच आले. डॉक्टर म्हणाले, "शेजारी कोण झोपतं, त्यांना आणा."

"त्याचा उपयोग नाही," कारकून म्हणाले. "रात्री मी लहान पोरासारखा झोपतो. दात खातो तो दिवसा. कचेरीत."

"दिवसा?"

"साहेबांसमोर उभा राहिलो की आपोआप सुरू होतं. दाढ हलायला लागली आता."

"मग कानांच्या स्टुलावर तुमच्या साहेबांना बसवावं लागेल," मी म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे डोळे वटारले.

मुसकं करून दिलं. कारकून ते सकाळी लावून कचेरीत जायचे आणि संध्याकाळी काढायचे. आता मुसकं तोंडात असताना बोलता येत नाही. नुसती मान हलवता येते. साहेब काही बोलला, की हे मान हलवायचे. तो ओरडला, की हे मान हलवायचे. त्या पावसाळ्यातच त्यांना बढती मिळाली! पेढे घेऊन आले.

डॉक्टर म्हणाले, "अभिनंदन! साहेब काय म्हणाले?"

कारकुनांनी मुसकं काढलं, रुमालाने पुसलं आणि म्हणाले, "म्हणाले, तुम्ही आता समजुतीने बोलायला लागलात."

*

लढाई संपली. गावोगावचे पोरगे परत यायला लागले, काहींच्या घरी नुसती पेटी आली. एका दुपारी दवाखान्याच्या पायरीवर हौसा उभी. पोर आता चालत होतं. हातात पितळी डबा.

"मालक आले," तिने आधी तेच सांगितलं. "पायाला लागलंय, पन आले. आत्याबाई आता रोज गरम भाकर करून घालत्यात त्येनला. मला चुलीला हात लावू देत न्हाईत!"

मग तिने डबा माझ्यापुढे धरला. मी उघडला. वरपर्यंत गूळ आणि शेंगदाणे, आणि त्यात खोचलेली दोन्ही मुसकी, धुऊन-पुसून. आपल्याकडे कोणाचं भांडं परत करताना रिकामं करत नाहीत ना, तसं!

"आता लागत न्हाईत," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनाच्या उपेगी पडत्याल."

दुसऱ्याच्या तोंडात ती बसत नाहीत, हे मी तिला सांगणार होते. पण सवयीने दोन्ही उचलून उजेडात धरली. रेघ ओढलेलं, ते हौसाचं. मी भांड्यातून काढलं होतं तसंच गुळगुळीत, दाताचा एक ओरखडा नाही. दुसरं दाढांच्या जागी पार चावून काढलेलं, दोन ठिकाणी आरपार भोक. त्या भोकातून मला समोरची गल्ली दिसत होती.

हौसा माझ्या हाताकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"शेजारी मीच निजत हुते की, मावशी."

मी त्या दोन स्टुलांकडे बघितलं. खोलीत आलेल्या प्रत्येकाला आम्ही विचारायचो, शेजारी कोण झोपतं, त्याला बोलवा. आणि या पोरीला आम्ही दातांच्या स्टुलावर बसवलं होतं. तिने काय ऐकलं, हे तिला एकानेही विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, आणि मी पण नाही!

मला रागच आला. "मग त्या दिवशी तोंड का नाही उघडलंस? हे लेकरू त्यांनी ठेवून घेतलं असतं, आणि तू बापाच्या दारात जाऊन बसली असतीस!"

हौसाने पोराचं नाक पुसलं. या वेळी ते खरंच वाहत होतं.

"माझ्या बापाला दार तरी हाय, मावशी," ती म्हणाली. "आत्याबाईंचं समदं माहेर पलेगात उठलं. त्यांना कुठं धाडलं असतं?"